एकट्या गाडीचा अपघात : दोष कोणाचा ?

दोन मोटारींची टक्कर झाली म्हणजे दोन पक्ष आपोआप उभे राहतात. एक म्हणतो, त्यानें दिवे लावले नव्हते. दुसरा म्हणतो, यानें आपली बाजू सोडली. उभयतांचें ऐकून घेतलें म्हणजे त्या वादांतून सत्याचा कांहीं अंश तरी बाहेर पडतो. परंतु एकटीच गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली, नाल्यांत उलटली किंवा पुलाचा कठडा तोडून खालीं गेली, तर वाद घालण्यास दुसरा पक्षच नसतो. मग लोक दोहोंपैकीं एक वाक्य बोलतात. कोणी म्हणतात, "त्याची वेळच भरली होती." कोणी म्हणतात, "दुसरें कोणी नव्हतें, तेव्हां चूक हांकणाऱ्याचीच." पहिल्या वाक्यानें विचार करण्याचें कारणच उरत नाहीं, दुसऱ्यानें विचारापूर्वींच निकाल लागतो. अशा अपघातांत दोष खरोखर कसा ठरवितात हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. विषय कायद्याचा खरा. पण त्यांत अर्धें पदार्थविज्ञान आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांत पुष्कळसा साधा व्यवहार आहे.

तापीपलीकडचें अमळनेर आम्हां चोपडेकरांस घरच्यासारखें. दि. १८ जुलै २०२२ रोजीं सकाळीं इंदुराहून अमळनेरास येणारी राज्य परिवहन महामंडळाची बस खलघाट येथें नर्मदेवरील पुलाचा कठडा तोडून नदींत पडली. बारा प्रेतें बाहेर काढण्यांत आलीं. ज्या घरचें माणूस असें जातें त्या घरापुढें शोकाच्या जोडीनेंच एक प्रश्न येऊन उभा राहतो : हें कशानें झालें, आणि याची जबाबदारी कोणावर ? हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा नव्हे. मागें राहिलेल्या मुलांच्या शिक्षणास पैसा मिळतो कीं नाहीं, हांकणारा तुरुंगांत जातो कीं नाहीं, आणि तोच कठडा पुन्हा दुसऱ्या गाडीस दगा देतो कीं नाहीं, हीं तिन्ही त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

प्रथम 'दोष' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. कोणी मुद्दाम झाडावर गाडी घालीत नाहीं. तेव्हां येथें हेतूचा प्रश्न नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें दोष म्हणजे निष्काळजीपणा. समंजस मनुष्यानें त्या स्थळीं, त्या वेळीं जेवढी काळजी घेतली असती तेवढी न घेणें, हा तो दोष होय. ही काळजी हांकणाऱ्यानें घ्यावयाची असते तशी गाडीच्या मालकानें, ती दुरुस्त करणाऱ्यानें, आणि रस्ता बांधणाऱ्यानेंही घ्यावयाची असते, हें मात्र लोक विसरतात.

दुसरी गोष्ट अशी कीं, एकाच अपघाताचा निवाडा दोन ठिकाणीं होतो आणि त्या दोन ठिकाणचीं मापें निरनिराळीं आहेत. फौजदारी न्यायालयांत चालकास शिक्षा करावयाची असते. तेथें दोष संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. निष्काळजीपणानें मृत्यु घडविण्याचा गुन्हा पूर्वीं भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ या कलमाखालीं येत असे व त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें १०६ वें कलम लागू झालें, व ही मर्यादा पांच वर्षांची झाली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांत, उलट, शिक्षा नसते; भरपाई असते. तेथें "असें घडलें असण्याचा संभव अधिक" एवढें दिसलें तरी पुरतें. यामुळें फौजदारींतून सुटलेल्या चालकाच्या मालकावर भरपाईचा हुकूम होणें यांत कांहीं विसंगति नाहीं. ओट्यावरच्या चर्चेंत या दोन तराजूंचा घोटाळा नेहमीं होतो, म्हणून हें आरंभींच सांगितलें.

आतां एक खरा खटला पाहूं. तो नागपुराकडचा आहे आणि त्यांतील प्रतिवादी कपाशीच्या धंद्यांतला आहे, त्यामुळें आमच्या जिनिंगांच्या तालुक्यांतील वाचकांस तो परका वाटूं नये. दि. १८ डिसेंबर १९६० रोजीं रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची मोटार नागपुराहून पांढुर्ण्याकडे चालली होती. कंपनीचा व्यवस्थापक स्वतः ती हांकीत होता आणि सोबत एक गृहस्थ बसले होते. वाटेंत गाडी झाडावर आदळली आणि ते गृहस्थ मरण पावले. त्यांची पत्नी पुष्पाबाई व मुलें यांनीं भरपाईचा दावा लावला. अडचण अशी होती कीं, अपघात डोळ्यांनीं पाहिलेला एकही साक्षीदार त्यांच्यापाशीं नव्हता. चालकानें वेग किती ठेवला होता, तो डुलकी घेत होता कीं बोलत होता, हें त्या विधवेनें कोठून सांगावें ?

परंतु माणसें बोललीं नाहींत तरी त्या जागेवरच्या वस्तु बोलत होत्या. गाडी डावी बाजू सोडून रस्त्याच्या अगदीं उजव्या कडेस गेलेली होती. झाड जमिनीपासून सुमारें नऊ इंचांवर उखडलें होतें. गाडीचा पुढचा भाग मोडला होता, आणि इंजिन आपल्या जागेवरून एक फूट मागें सरकलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं निकाल दिला तो या मुक्या साक्षींवर. न्यायालयाचा विचार थोडक्यांत असा : सावधपणें चालविलेली मोटार सहसा रस्ता सोडून झाडावर जात नाहीं. गेली, तर त्याचें कारण ती हांकणाऱ्यास ठाऊक असणार. मेलेल्याच्या वारसांस तें ठाऊक असणें शक्य नाहीं. अशा वेळीं दोष नव्हता हें समजावून सांगण्याचा भार हांकणाऱ्यावर व त्याच्या मालकावर पडतो. कंपनीनें तसें कांहींच समजावून दिलें नाहीं. तेव्हां निष्काळजीपणा झाला असें न्यायालयानें धरलें. आणि व्यवस्थापक कंपनीच्याच कामावर होता म्हणून कंपनीसही जबाबदार ठरविलें. उच्च न्यायालयानें काढून टाकलेली सुमारें ३१ हजार रुपयांची भरपाई त्या कुटुंबास परत मिळाली. मात्र त्यांतील विमा कंपनीचा वाटा विमापत्राप्रमाणें १५ हजारांपुरताच होता. अपघातापासून निकालापर्यंत सोळा वर्षांहून अधिक काळ गेला, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

या नियमास कायदेपंडितांनीं एक लॅटिन नांव दिलें आहे; त्याचा अर्थ 'वस्तु स्वतःच बोलते' असा होतो. त्याचा उगम इंग्लंडांतील १८६३ च्या एका निकालांत आहे. लिव्हरपूल येथें एक मनुष्य रस्त्यानें चालला असतां पिठाच्या व्यापाऱ्याच्या माडीवरून एक पिंप त्याच्या अंगावर पडलें. पिंप कसें सुटलें हें त्या जखमी मनुष्यास सांगतां येईना. न्यायालय म्हणालें, पिठाचीं पिंपें आपण होऊन खिडकींतून पडत नसतात. तीं ज्याच्या ताब्यांत होतीं त्यानेंच काय तें सांगावें. पिंपाच्या जागीं मोटार ठेवा, म्हणजे पांढुर्ण्याच्या वाटेवरील निकाल समजेल.

मात्र या नियमाचा अर्थ "एकटी गाडी, म्हणून चालक दोषी" असा करणें चुकीचें होय. नियम एवढेंच म्हणतो कीं, प्रथम बोलण्याची पाळी चालकाची व मालकाची. ते बोलले, आणि त्यांचें बोलणें पुराव्यानें खरें दिसलें, तर तो प्रथमदर्शनीं दोष गळून पडतो.

चालक काय सांगतो ? बहुधा तो "टायर फुटला" असें सांगतो; निदान हें कारण सर्वांत आधीं ओठावर येतें. दि. १ जुलै २०२३ च्या रात्रीं नागपुराहून पुण्यास जाणारी एक खाजगी बस समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ कठड्यास धडकून उलटली व पेटली; पंचवीस प्रवासी होरपळून मेले. चालकानें टायर फुटल्याचें सांगितलें. परंतु परिवहन कार्यालयाच्या अहवालांत असें आलें कीं, त्या जागीं रबराचे तुकडे सांपडले नाहींत, आणि टायरच्या तशा खुणाही नव्हत्या. विद्यार्थ्यांनीं या तपासाची रीत लक्ष्यांत घ्यावी. टायर आधीं फुटून मग गाडी आदळली असेल, तर रबराचे तुकडे आघाताच्या जागेच्या अलीकडे, रस्त्यावर, पसरलेले दिसतात, आणि उघडी पडलेली लोखंडी कड डांबरावर चर काढीत गेलेली असते. गाडी आदळल्यामुळें टायर फुटला असेल, तर तुकडे आघाताच्या जागींच पडतात आणि अलीकडचा रस्ता स्वच्छ असतो. फुटलेला टायर दोन्ही ठिकाणीं सारखाच दिसेल. रस्ता मात्र सारखा दिसणार नाहीं.

समजा, टायर खरोखरच आधीं फुटला. तेवढ्यानें मालक सुटला काय ? नाहीं. वेल्समधील एका बसचा पुढचा टायर फुटून ती रस्ता ओलांडून बांधावरून खालीं गेली व प्रवासी मेले. बस कंपनी म्हणाली, आम्ही टायर नियमानें तपासतों. आंतली ही इजा बाहेरून दिसण्यासारखी नव्हती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठानें १९५० सालीं असें ठरविलें कीं, तपासणी असली तरी ती पुरेशी नव्हती. टायरास जबर ठोकर बसली म्हणजे तें चालकांनीं कळवावें असा दंडक कंपनीनें घातला नव्हता, आणि अशा ठोकरीनेंच टायर आंतून तुटतो. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाची दृष्टि हीच आहे. यंत्रांत दोष होता असें म्हणणाऱ्या मालकानें, तो दोष वाजवी काळजी घेऊनही आधीं कळण्यासारखा नव्हता, हें दाखविलें पाहिजे. गुळगुळीत टायरवर केळ्यांची मोटार भरून दिल्लीस पाठवावयाची आणि फुटल्यावर दैवास बोल लावावयाचा, हें न्यायालयांत चालत नाहीं.

आतां रस्त्याकडे वळूं. कारण हा तिसरा पक्ष कधीं पंचनाम्यास हजर राहत नाहीं. दि. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं उद्योगपति सायरस मिस्त्री यांची मोटार अहमदाबाद-मुंबई महामार्गावर पालघर जिल्ह्यांतील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागें बसलेले मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले; पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वांचले. मोटार तयार करणाऱ्या कंपनीनें गाडींतल्या यंत्रांत नोंदलेली माहिती वाचून पोलिसांस दिली : आघातापूर्वीं पांच सेकंद वेग ताशीं १०० किलोमीटर, आघाताच्या क्षणीं ८९. पोलिसांनीं चालविणाऱ्या व्यक्तीवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदविला. त्याच वेळीं दुसरी गोष्टही पुढें आली कीं, तीन मार्गिकांचा रस्ता त्या पुलावर दोन मार्गिकांचा होतो, आणि पुलाचा कठडा रस्त्याच्या बाजूपट्टीच्या रेषेंत पुढें आलेला आहे. आणखी तिसरी गोष्ट : मागें बसलेल्या दोघांनीं पट्टे बांधलेले नव्हते.

हें उदाहरण आम्हांस फार शिकविणारें वाटतें, कारण त्यांत दोन भिन्न प्रश्न वेगळे काढतां येतात. गाडी कठड्यावर कां गेली, हा एक. गेल्यावर माणसें कां मेलीं, हा दुसरा. पट्टा न बांधण्यानें गाडी रस्ता सोडीत नाहीं. पण आघात झाल्यावर तोच जीवनमरणाचा प्रश्न होतो. कठड्याचें टोक पुढें असल्यानें चालकाचा हात चुकत नाहीं. पण चुकलेल्या हातास क्षमा मिळत नाहीं. न्यायाधीशास हे धागे एकेक करून सोडवावे लागतात, आणि कित्येकदां दोषाची वांटणी करावी लागते. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत १९८-अ हें नवें कलम घालण्यांत आलें. रस्त्याची आंखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणें न केल्यामुळें कोणी मेला किंवा पंगु झाला, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यांत आहे. एका जिवाच्या मानानें ही रक्कम हास्यास्पद आहे असें आमचें स्पष्ट मत आहे; तथापि रस्ताही दोषी असूं शकतो हें कायद्यानें मान्य केलें, एवढें तरी त्यांत आहे.

आपल्याकडील रस्त्यांचा एक दोष तर या विषयांत मुद्दाम सांगण्यासारखा आहे. खानदेशची काळी माती पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते. त्यामुळें डांबराच्या कडेची साइडपट्टी खचून डांबर व माती यांमध्यें वीतभर उंचीची पायरी तयार होते. समोरून येणाऱ्या उंसाच्या ट्रॉलीस वाट देतांना मोटारीचें डावें चाक त्या पायरीवरून खालीं उतरतें. चालक घाबरून सुकाणूं उजवीकडे जोरानें वळवितो. चाक कांहीं क्षण पायरीस घांसत राहतें आणि मग एकदम वर चढतें. त्या वेळीं सुकाणूं अजून उजवीकडेच वळलेलें असतें. गाडी बाणासारखी रस्ता ओलांडून उजव्या बाजूच्या निंबावर जाऊन आदळते. मागाहून येणारा मनुष्य काय पाहतो ? मोकळा रस्ता, चुकीच्या बाजूस गेलेली गाडी, आणि झाड. ट्रॉली केव्हांच निघून गेलेली असते. पांढुर्ण्याच्या वाटेवरही गाडी उजव्या कडेसच गेली होती, आणि तेथें दोष चालकावर आला, कारण दुसरें कारण कोणी दाखविलेंच नाहीं. पण आमच्या अडावद-धानोऱ्याच्या बाजूस अशी गाडी दिसली तर डाव्या कडेच्या मातींत चाकाची खूण आहे काय, आणि पायरीस रबराचा काळा घांस लागला आहे काय, हें पाहिल्याखेरीज पंचनामा पुरा झाला असें म्हणतां येणार नाहीं. ती पायरी किती इंच, हें फूटपट्टी लावून लिहिलें पाहिजे. 'रस्ता खराब' हे दोन शब्द न्यायालयांत कांहीं कामाचे नाहींत. 'सहा इंच' हे कामाचे आहेत.

खुणा बोलतात म्हणजे काय, हें इयत्ता नववीच्या गणितानें सुद्धां कळेल. ब्रेक दाबून चाकें जाम झालीं म्हणजे डांबरावर काळ्या रेघा उठतात. रेघेची लांबी मोजली कीं वेग काढतां येतो. सूत्र असें : वेगाचा वर्ग = २ × घर्षणांक × ९.८ × रेघेची लांबी. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरूं. रेघ ३० मीटर असेल, तर २ × ०.७ × ९.८ × ३० = ४११.६, याचें वर्गमूळ सुमारें २०.३ मीटर दर सेकंदास, म्हणजे ताशीं सुमारें ७३ किलोमीटर. तीच रेघ ओल्या रस्त्यावर असेल तर घर्षणांक ०.४ धरून वेग ताशीं ५५ च्या आसपास येतो. म्हणून "त्या वेळीं पाऊस होता काय ?" हा प्रश्न क्षुल्लक नव्हे, उत्तरांत अठरा किलोमीटरांचा फरक पडतो. आणि रेघेच्या शेवटीं गाडी थांबलेली नसून झाडावर आदळलेली असेल, तर काढलेला वेग हा कमींत कमी वेग होय. झाड मोडण्यांत व इंजिन मागें ढकलण्यांत जी शक्ति खर्ची पडली ती त्यांत धरलेली नाहीं. चाकें जाम न होऊं देणाऱ्या नव्या ब्रेकांमुळें अशा रेघा आतां अस्पष्ट उमटतात. तेथें गाडींतल्या नोंदणीयंत्राचाच आधार घ्यावा लागतो.

चारोटीच्या आंकड्यांवरही हेंच गणित करून पाहावें. गतिजन्य शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलते. १०० चा वेग ८९ वर आला तेव्हां वेग अकरा टक्क्यांनीं उतरला, पण शक्ति सुमारें एकवीस टक्क्यांनीं उतरली. उरलेली एकोणऐशीं टक्के तशीच कठड्यावर गेली.

वळणाचें गणितही याच जातीचें आहे. सातपुड्यांत वैजापुराकडे जातांना जीं वळणें लागतात त्यांपैकीं एखाद्याची त्रिज्या ५० मीटर समजा. घर्षणांक ०.५ असतां गाडी घसरूं लागण्याचा वेग ताशीं सुमारें ५६ किलोमीटर येतो. ट्रॅक्टरांनीं आणलेला चिखल वळणावर पसरून घर्षणांक निम्म्यावर आला, तर वेग निम्मा होत नाहीं, ताशीं सुमारें ४० होतो. कां, तें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढावें. आतां ४५ च्या वेगानें जाणारा चालक तेथें घसरला तर दोष कोणाचा ? वेगाचा कीं चिखलाचा ? चिखल दुरून दिसत होता काय, सूचनेची पाटी होती काय, दिवस होता कीं रात्र, यांवर तें ठरेल. समंजस मनुष्य जें दिसतें त्यास अनुसरून वेग ठेवतो. जें दिसूंच शकत नाहीं त्याबद्दल त्यास दोष देतां येत नाहीं.

एकाएकीं आडवी आलेली नीलगाय किंवा धांवत आलेलें मूल यांबद्दलही न्यायालयें हीच कसोटी लावतात. एका निमिषांत घेतलेल्या निर्णयाचें माप निवांत बसून केलेल्या विचाराच्या मापानें घेत नाहींत. मात्र ज्यानें वेगच असा ठेवला होता कीं निमिषाखेरीज कांहीं उरलेंच नाहीं, त्यास ही सवलत मिळत नाहीं. आणि अनोळखी वाहन अंगावर येऊन पळून गेलें असेल व त्याचा पत्ता लागत नसेल, तर पळालेल्या वाहनांच्या अपघातांसाठीं सरकारी योजना आहे. २०२२ पासून तींत मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात.

आतां पालकांनीं विशेष लक्ष्य द्यावें असा भाग येतो. एकट्या गाडीच्या अपघातांत आंत बसलेला प्रवासी आणि ती हांकणारा यांच्या कुटुंबांची गति एकसारखी होत नाहीं. प्रवाशाचे वारस मालकाकडून, व विमापत्रांत प्रवासी अंतर्भूत असल्यास विमा कंपनीकडून, भरपाई मागूं शकतात. परंतु हांकणारा स्वतःच्याच चुकीनें मेला असेल, तर त्याचे वारस कोणाकडे मागणार ? कर्नाटकांत १८ जून २०१४ रोजीं एक गृहस्थ दुसऱ्याची मोटार हांकीत अरसीकेरेकडे जात असतां ती उलटून मरण पावले. पत्नी, मुलगा व आईबाप यांनीं ८० लाखांचा दावा केला. अपघात मृताच्याच भरधांव व निष्काळजी हांकण्यानें झाला असें ठरल्यामुळें उच्च न्यायालयानें तो फेटाळला, आणि सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें त्यांत हात घालण्यास नकार दिला. स्वतःच्या अपराधाची भरपाई दुसऱ्याकडून मागतां येत नाहीं, हें त्याचें तत्त्व. दुसऱ्याची गाडी मागून नेणारा मनुष्य मालकाच्या जागीं उभा राहतो, असेंही पूर्वींचे निकाल आहेत. दोष सिद्ध न करतां ठराविक भरपाई देणाऱ्या कलमाखालीं तरी अशा वारसांस कांहीं मिळावें काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठानें २०२५ सालींच मोठ्या पीठाकडे सोपविला.

यावर उपाय साधा आहे, पण तो अपघातापूर्वीं करावयाचा असतो. गाडीच्या मालकानें स्वतः हांकण्याकरितां १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्यांत दोष कोणाचा हें पाहत नाहींत. नुसता 'थर्ड पार्टी' विमा काढून निर्धास्त झालेल्या कित्येक गृहस्थांस तो विमा स्वतःच्या जिवाचा नाहीं, हें ठाऊक नसतें. कपाटांतील विमापत्र आजच उघडून हें एक पान वाचावें. तसेंच, अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं किल्ली देणाऱ्या पालकांनीं १९९-अ हें कलम लक्ष्यांत ठेवावें : मुलानें अपघात केला तर दोष पालकाचा किंवा मालकाचा धरण्यांत येतो, तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार दंड होऊं शकतो, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. मोटार झाडावर आदळली आणि दुसऱ्या कोणास लागलें नाहीं, म्हणून हें कलम चुकत नाहीं.

आतां घटनास्थळाविषयीं. आपल्याकडे अपघात झाला कीं गांव धांवून येतें. जखमींस बाहेर काढतें, हें योग्यच, आणि त्याआड कांहींही येऊं नये. मदत करणाऱ्यास कायद्यानें संरक्षण आहे. त्यास पोलीस साक्षीसाठीं बळजबरीनें अडकवूं शकत नाहींत. परंतु माणसें दवाखान्यांत गेल्यावर तेंच गांव उत्साहानें गाडी सरळ करतें, कांचा झाडून काढतें, आणि वाहतूक सुरू करून देतें. तासाभरांत रबराचे तुकडे चाकांखालीं जातात, मातींतील खूण पुसली जाते, संध्याकाळीं पाऊस येतो. दारूचा पुरावाही असाच उडून जातो. रक्तांतील मद्याचें प्रमाण १०० मिलिलिटरांस ३० मिलिग्रॅमच्या वर गेलें कीं गुन्हा होतो. पण शरीर तें तासागणिक सुमारें पंधरा मिलिग्रॅमनें जिरवीत असतें. रात्रीं बारा वाजतां ६० असलेला चालक पहाटे तीनला तपासला तर निर्दोष दिसतो. आणि कधीं याच्या उलट होतें : दारूचा थेंबही न घेतलेल्या मेलेल्या चालकावर "प्यालेला असेल" एवढा शिक्का बसतो, कारण वेळेवर तपासणी झालीच नाहीं.

म्हणून ज्याच्या हातीं त्या वेळीं चित्र काढणारा दूरध्वनि असेल त्यानें, जखमींची सोय लागल्यावर, गाडी हलविण्यापूर्वीं आघाताच्या जागेपासून मागें शंभर पावलें चालत जाऊन रस्त्याचीं चित्रें घ्यावींत. नुसत्या मोडक्या मोटारीचीं घेऊं नयेत. चारी टायर वेगवेगळे टिपावेत. कडेची पायरी, सूचनेची पाटी किंवा तिचा अभाव, वळण, चिखल, कठड्याचें टोक हीं टिपावींत. नातेवाइकांनीं पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी आणि त्यांत मापें आहेत कीं नाहींत तें पाहावें. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होईपर्यंत गाडी भंगारांत विकूं नये, आणि टायर तर मुळींच देऊं नये. भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आंत करावा असें २०२२ पासून कायद्यांत आहे. तो अर्ज अपघात झाला त्याच जिल्ह्यांत करावा लागतो असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. अर्जदार जेथें राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणांतही तो करतां येतो, आणि मध्यप्रदेशांत माणूस गमावलेल्या खानदेशांतील कुटुंबास जळगांवींच दाद मागतां येते.